पाऊस पडला की पायथन पडतो

मराठी विभागाच्या संपादकांनी "काहीतरी टेक्निकल दे, पण मराठीत हं" असं सांगितलं तेव्हा मला आधी हसूच आलं. ज्युनिअर केजीपासून दहावीपर्यंत कॉन्व्हेंट! मराठी म्हणजे आठवड्यातले ठरावीक तास आणि सुट्टीत आजी. 'सेगमेंटेशन फॉल्ट'ला मराठीत काय म्हणायचं, असं मी रूममेटला विचारलं. ती पुस्तकातून मान वर न करता म्हणाली, "तुझी चूक म्हण."

तिचं बरोबर आहे. मित्रांनो, हा लेख त्या चुकीबद्दलच आहे. ती सापडायला आम्हाला १९ दिवस, एक वही, दोन वायरी आणि मेसचा एक चमचा लागला.

गच्चीवरचं यंत्र

गेल्या पावसाळ्यात आम्ही दोघींनी मिनी प्रोजेक्ट म्हणून हॉस्टेलच्या गच्चीवर पर्जन्यमापक बसवला. ती इलेक्ट्रॉनिक्सची, मी कॉम्प्युटरची. "पाऊस काय मोजायचा, खिडकीतून दिसतोच की!" असं मेसमध्ये सगळ्यांनी ऐकवलं. त्यांना आम्ही एकच तारीख सांगायचो, २६ जुलै २००५. त्या २४ तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, आणि कुलाब्याला? फक्त ७३! एकाच शहरात एवढा फरक पडत असेल तर अंधेरीचा सबवे कधी भरणार, हे कुलाब्याचा आकडा बघून कसं कळणार? आपल्या डोक्यावर पडणारा पाऊस आपल्याच डोक्यावर मोजायला हवा.

यंत्र अगदी साधं आहे. वर फनेल, खाली सी-सॉसारख्या दोन वाट्या. एक वाटी भरली की ती कलंडते, रिकामी होते आणि दुसरी फनेलखाली येते. अशी एक 'टिप' म्हणजे ०.२ मिलिमीटर पाऊस. सी-सॉला चिकटवलेला लोहचुंबक रीड स्विचसमोरून जातो आणि सर्किट क्षणभर जोडलं जातं. तिथून दोन वायरी खिडकीतून आमच्या खोलीत, मग एक छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड, आणि शेवटी यूएसबीतून रूममेटचा जुना लॅपटॉप. २६ जुलैचा तो पाऊस आमच्या यंत्रात पडला असता तर वाट्या ४,७२० वेळा कलंडल्या असत्या.

लॅपटॉपवरचं काम दोन भाषांमध्ये वाटलेलं होतं. बोर्डाकडून येणारा सिग्नल ऐकायला सी भाषेतली एक लायब्ररी होती, ती पास आउट झालेल्या एका सीनियरने लिहून ठेवलेली. हिशेब आणि ग्राफ पायथनमध्ये, ते माझ्याकडे. दोन्हींना जोडणारा पूल म्हणजे पायथनचं 'सीटाइप्स' नावाचं मोड्यूल. टिप झाली की सी लायब्ररीने माझं पायथनमधलं फंक्शन बोलवायचं. ह्याला 'कॉलबॅक' म्हणतात. वॉचमनकाकांना आपण सांगून ठेवतो ना, "पार्सल आलं की २०४ मध्ये फोन करा", अगदी तसंच.

तीन बाणांची खिडकी

पायथन दोन प्रकारे चालवता येतो. एक म्हणजे अख्खा प्रोग्राम फाइलमध्ये लिहून एकदम चालवायचा. दुसरा म्हणजे इंटरॅक्टिव्ह शेल. तीन बाणांसारखी खूण येते, तुम्ही एक ओळ लिहिता, एंटर दाबता, उत्तर येतं, पुन्हा तीन बाण. २+२ लिहा, ४ मिळेल. सायलॅब किंवा ऑक्टेव्ह वापरणाऱ्यांना हे माहीत आहेच.

शेलची मजा अशी की प्रोग्राम चालू असतानाच त्याच्याशी गप्पा मारता येतात. मागे एका वेगळ्या थ्रेडमध्ये पाऊस मोजणं चालू असतं, आणि आपण मध्येच विचारू शकतो, "आत्तापर्यंत किती झाला गं?" म्हणून आम्ही शेल रात्रंदिवस उघडाच ठेवायचो. डेटा शेलच्याच मेमरीत, एका लिस्टमध्ये. फाइलमध्ये काय, लिहू नंतर सवडीने...

ही सवड आम्हाला फार महागात पडली.

पहिला क्रॅश

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात एका रात्री मुसळधार पाऊस झाला. सकाळी आम्ही दोघी दात घासायच्या आधी लॅपटॉपकडे धावलो. बघतो तर तीन बाण गायब! 'सेगमेंटेशन फॉल्ट, कोअर डम्प्ड' एवढी एक ओळ, आणि खाली टर्मिनलचा कोरा प्रॉम्प्ट.

पायथनमध्ये साधी चूक झाली तर एरर येते, लाइन नंबर कळतो आणि शेल जिवंत राहतो. सेगमेंटेशन फॉल्टचं तसं नाही. प्रोग्रामने आपल्या हक्काची नसलेली मेमरी वापरायचा प्रयत्न केला की ऑपरेटिंग सिस्टिम त्याला जागच्या जागी बंद करते, निरोप घ्यायलाही वेळ देत नाही. शेल गेला, आणि त्याच्याबरोबर सीझनमधल्या सगळ्यात मोठ्या रात्रीचा सगळा पाऊस गेला.

पुन्हा चालू केलं. दोन दिवस काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी क्रॅश. मग चार दिवस सगळं ठीक. मग एकाच संध्याकाळी दोनदा! एकच गोष्ट नेहमी सारखी होती, क्रॅश पाऊस पडत असतानाच व्हायचा. कोरड्या दिवशी एकदाही नाही.

पाऊस पडला की बिघडतं, म्हणजे पाणी जातंय. पाणी जातंय, म्हणजे गच्चीवरचा जोड कच्चा. तो जोड कोणी सोल्डर केला? रूममेटने. झालं, माझ्या डोक्यात केस बंद!

"तुझ्या सोल्डरिंगमध्ये प्रॉब्लेम आहे," मी तिला सांगितलं. बिचारी तीन वेळा गच्चीवर गेली. जोड पुन्हा तापवला, वरून एमसील लावलं, प्लास्टिकची बाटली कापून टोपी केली. तिसऱ्या वेळी ती पूर्ण भिजून खाली आली आणि त्याच रात्री पुन्हा क्रॅश झाला. तेव्हा मी जे बोलले ते इथे लिहायला मला लाज वाटते, पण लिहिते. "प्रोजेक्ट कॉम्प्युटरच्याच कोणाबरोबर तरी करायला हवा होता."

ती काही बोलली नाही. पुढचे दोन दिवस आमच्या खोलीत फक्त पंख्याचा आवाज होता.

आज वाटतं, एक साधा प्रश्न मी स्वतःला विचारायला हवा होता. जोड कच्चा असेल तर टिपा चुकतील, जास्त मोजल्या जातील, कमी मोजल्या जातील. पण ओली वायर पायथनला चुकीच्या मेमरीत कशी काय ढकलेल? हा प्रश्न मी विचारला नाही, कारण दोष द्यायला समोर माणूस मिळाला होता.

सरांच्या मशीनवर 'सब ठीक'

शेवटी लॅबमधल्या सरांकडे गेलो. त्यांनी आमचा कोड स्वतःच्या मशीनवर चालवला, फनेलमध्ये मगाने पाणी ओतलं. एक तास झाला, क्रॅश नाही. सर म्हणाले, "चालतंय की!" डॉक्टरकडे गेल्यावर ताप उतरतो ना, तसं झालं.

ह्या प्रकाराला नाव आहे हे सरांनीच सांगितलं. टँडम कंपनीत काम करणाऱ्या जिम ग्रे ह्यांनी १९८५ साली कॉम्प्युटर का बंद पडतात ह्यावर एक पेपर लिहिला. त्यात त्यांनी बगचे दोन प्रकार केले. 'बोरबग' म्हणजे बोरच्या अणूसारखा ठाम, तेच केलं की तेच होणार. आणि 'हायझेनबग', बघायला गेलं की पळून जाणारा. नाव अर्थात हायझेनबर्गवरून.

"पण एक लक्षात ठेवा," सर म्हणाले, "कॉम्प्युटर मूडवर चालत नाही. क्रॅश कधी होतो आणि कधी होत नाही ह्यात काहीतरी फरक असणारच. तो तुम्ही अजून लिहून काढलेला नाही. आधी हवा तेव्हा क्रॅश करून दाखवा, मग दुरुस्त करा. आणि पावसाची वाट बघत बसू नका."

वही आणि चमचा

पावसाची वाट न बघण्याचा उपाय रूममेटने काढला. तिने गच्चीवरून येणाऱ्या वायरी बोर्डापासून सोडवल्या आणि त्यांच्या जागी दोन छोट्या वायरी लावून त्यांची मोकळी टोकं टेबलावर ठेवली. मग मेसचा स्टीलचा चमचा घेतला. चमचा दोन्ही टोकांना टेकवला की एक टिप. आता पाऊस नाही, गच्ची नाही आणि सोल्डरिंगही नाही.

पहिल्यांदा ती की-बोर्डवर, मी चमच्यावर. १०० टिपा झाल्या, क्रॅश नाही. "बघ! म्हणजे सोल्डरिंगच," मी म्हटलं. "जागा बदलू," ती शांतपणे म्हणाली. मी की-बोर्डवर बसले, तिने चमचा धरला. तीन टिपा झाल्यावर मी एकूण पाऊस बघितला. चौथ्या टिपेला शेल गेला.

"आता सोल्डरिंग कुठाय?" तिने विचारलं. रागावून नाही, खरंच विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग तिने जर्नलची एक जुनी वही काढून दोन रकाने आखले, एक तिचा, एक माझा. जी टाइप करेल तिची प्रत्येक ओळ जशीच्या तशी लिहायची. स्पेससुद्धा. त्या संध्याकाळी आणखी १२ वेळा चालवलं. तिच्या ६ पैकी एकदाही क्रॅश नाही, माझ्या ६ पैकी ५ वेळा. लॅपटॉप तोच, कोड तोच, चमचाही तोच!

ती बराच वेळ दोन्ही रकाने बघत बसली. मग म्हणाली, "तू प्रिंट लिहीत नाहीस."

खरंच. ती सी शिकून आलेली, त्यामुळे एकूण पाऊस बघायला ती दर वेळी प्रिंट लिहून कंसात नाव द्यायची. मी आळशी. शेलमध्ये नुसतं व्हेरिएबलचं नाव लिहून एंटर दाबलं तरी आकडा दिसतो. माझी ही सवय मला स्टायलिश वाटायची. तिचं प्रिंट मला जरा गावठी वाटायचं, हेही कबूल करते. लिनक्स ती पवईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियलमधून शिकलेली, तेही मराठीतून, आणि ह्यावरही मी मनातल्या मनात हसले होते.

"पण दोन्हींत आकडा तोच दिसतो," मी म्हटलं. "मग नुसतं दोन अधिक दोन लिहून बघ," ती म्हणाली. मी २+२ लिहिलं. शेलने ४ दाखवले. तिने चमचा टेकवला.

सेगमेंटेशन फॉल्ट.

२+२ लिहिल्यावर पायथन मरतो! आम्ही दोघी एकमेकींकडे बघून वेड्यासारख्या हसलो. दोन आठवड्यांत पहिल्यांदाच.

खोली क्रमांक २०४

आता ह्यातलं कारण. ते समजायला आपलं हॉस्टेलच डोळ्यासमोर आणा.

पायथनची मेमरी म्हणजे हॉस्टेल. प्रत्येक वस्तू म्हणजे एक खोली. रेक्टरच्या रजिस्टरमध्ये प्रत्येक खोलीपुढे ती कोणाकोणाच्या नावावर आहे ते लिहिलेलं असतं. पायथन ही नावं मोजत राहतो, ह्याला 'रेफरन्स काउंट' म्हणतात. मोजणी शून्यावर आली की खोली तिथल्या तिथे रिकामी केली जाते.

माझं एक छोटं फंक्शन होतं. ते कॉलबॅकसाठी एक खोली तयार करायचं, तिचा नंबर वॉचमनला, म्हणजे सी लायब्ररीला, देऊन मोजणी सुरू करायचं आणि शेवटी ती खोली मला परत करायचं. शेलमध्ये मी त्या फंक्शनला नुसतं बोलवायचे. परत आलेली वस्तू कुठल्याच नावाने ठेवून घेत नव्हते. वॉचमनने नंबर वहीत लिहून घेतला होता खरा, पण वॉचमनची वही म्हणजे रेक्टरचं रजिस्टर नाही! सीकडे असलेला पत्ता पायथनच्या मोजणीत धरला जात नाही.

मग खोली लगेच रिकामी का झाली नाही? इथे शेलचा एक गुण मध्ये येतो. शेल शेवटचं उत्तर एका खास नावाखाली जपून ठेवतो. ते नाव म्हणजे अंडरस्कोअर, नुसती खालची आडवी रेघ. आधीचं उत्तर पुन्हा वापरायचं असेल तर सोय म्हणून. आमचा कॉलबॅक हे शेलने दाखवलेलं शेवटचं उत्तर होतं. रजिस्टरमध्ये त्याच्यापुढे एकच नाव होतं, अंडरस्कोअर.

रूममेट प्रिंट लिहायची. प्रिंट स्क्रीनवर आकडा छापतं, पण उत्तर म्हणून काहीच परत देत नाही. त्यामुळे अंडरस्कोअर जागचा हलत नव्हता. मी नुसतं नाव लिहायचे, किंवा २+२. नवीन उत्तर आलं की अंडरस्कोअर जुन्याला सोडून त्याच्याकडे जायचा. कॉलबॅकची मोजणी शून्य, खोली रिकामी. वॉचमनच्या वहीत मात्र २०४ तसाच. पुढची टिप झाली की सी लायब्ररी २०४ मध्ये फोन करणार, आणि तिथे कोणीच नाही.

एवढं कळल्यावर सगळे चमत्कार एकेक करून सुटले. क्रॅश पावसातच का? कारण पावसाशिवाय टिप नाही, आणि टिपेशिवाय फोन नाही. रात्री अकराला मी आकडा बघून झोपायचे, पहाटे सर यायची आणि तेव्हा शेल पडायचा. कारण आणि परिणाम ह्यांत पाच-पाच तास! माझ्या सहापैकी एका वेळी क्रॅश का झाला नाही? रिकामी केलेली खोली नवीन कोणी येईपर्यंत कधीकधी जशीच्या तशी असते, जुना फोनही चालू असतो. नशिबावर चालतं. आणि सरांच्या मशीनवर? सर साधा शेल न वापरता आयपायथन वापरतात. फर्नांडो पेरेझ ह्यांनी २००१ साली सुरू केलेला हा सुधारित शेल फक्त शेवटचं उत्तर जपून थांबत नाही, दाखवलेली सगळी उत्तरं एका यादीत ठेवतो. तिथे आमची खोली कधी रिकामी झालीच नाही.

खात्री करायला तोच कोड फाइलमध्ये टाकून चालवला. फाइलमधून चालवताना अंडरस्कोअरची ही सोय नसते. पहिल्याच टिपेला क्रॅश! म्हणजे चूक पहिल्या दिवसापासून होती, आणि शेल इतके दिवस ती बिचारा सांभाळून घेत होता. कोअर डम्प जीडीबीमध्ये उघडला तेव्हा सर्वांत वर फंक्शनच्या नावाऐवजी नुसती दोन प्रश्नचिन्हं होती, आणि त्याखाली सी लायब्ररीचं टिप कळवणारं फंक्शन. हा कोअर डम्प पहिल्या दिवशी उघडला असता तर गच्चीवर कोणाला भिजावं लागलं नसतं.

दुरुस्ती एका ओळीची. कॉलबॅक एका ग्लोबल लिस्टमध्ये टाकून ठेवला, म्हणजे रजिस्टरमध्ये त्याच्यापुढे कायमचं नाव राहिलं. वाईट ह्याचं वाटलं की सीटाइप्सच्या डॉक्युमेंटेशनमध्ये ही सूचना वेगळी काढून दिलेली आहे, की सी वापरत असेपर्यंत कॉलबॅकचा रेफरन्स तुम्हीच जपा, नाहीतर क्रॅश होईल. आम्ही उदाहरण कॉपी केलं आणि सूचना सोडली! दुसरी दुरुस्ती म्हणजे प्रत्येक टिप आता लगेच फाइलमध्ये लिहिली जाते. सवड मिळाली एकदाची.

मंगळावरही तेच

आपल्यावरच अशी वेळ येते असं वाटत असेल तर हे वाचा. ४ जुलै १९९७ ला नासाचं पाथफाइंडर मंगळावर उतरलं. काही दिवसांनी त्याचा कॉम्प्युटर मधूनमधून आपोआप रीसेट होऊ लागला आणि त्या दिवसाचं उरलेलं काम अडकू लागलं. गंमत म्हणजे त्यातही हवामान मोजणारं काम गुंतलेलं होतं. ह्या कमी महत्त्वाच्या कामाने एक सामायिक कुलूप धरून ठेवायचं, मधल्या महत्त्वाच्या कामांनी त्याला पुढे सरकू द्यायचं नाही, आणि त्याहून जास्त महत्त्वाचं काम त्या कुलपासाठी ताटकळत राहायचं. ते वेळेत झालं नाही की सिस्टिम रीसेट. नेमकी वेळ जुळून आली तरच हे व्हायचं. इंजिनिअरांनी पृथ्वीवरच्या तशाच दुसऱ्या मशीनवर ट्रेसिंग चालू ठेवून रीसेट पुन्हा घडवून आणला, आणि मग मंगळावर दुरुस्ती पाठवली.

त्यांची ती दुसरी मशीन आणि आमचा चमचा, काम एकच. जे कधीतरी होतं ते हवं तेव्हा घडवायचं.

म्हणून ज्युनिअर्सना माझं एवढंच सांगणं. क्रॅश 'कधीकधी' होतो असं वाटलं की वही काढा. काय टाइप केलं, कुठल्या शेलमध्ये, कुठल्या मशीनवर, आणि की-बोर्डवर कोण होतं, सगळं लिहा. फुटकळ वाटलं म्हणून गाळू नका. आमच्या बाबतीत २+२ फुटकळ होतं. आणि वही भरेपर्यंत कोणाचं नाव घेऊ नका. मी घेतलं होतं.

रूममेटची मी माफी मागितली, स्टेशनजवळच्या टपरीवर दोन कटिंग आणि एक वडापाव, माझ्याकडून. ती म्हणाली, "ठीक आहे गं. पण आता प्रिंट लिहीत जा." प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये 'फॉल्ट फाइंडिंग'च्या चॅप्टरखाली फक्त तिचं नाव आहे. गच्चीवरचा तो जोड तिने लावलेल्या एमसीलसकट अजून तसाच आहे. एकदाही हललेला नाही.

त्या पहिल्या रात्री किती पाऊस झाला, हे मात्र आम्हाला आता कधीच कळणार नाही.